शिवेचा दगड आणि मताची किंमत

गावाची शीव हा आपल्याकडे केवळ भूगोलाचा विषय कधीच नव्हता. शिवेवर दैवत असे, शिवेवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालत, आणि लग्नासाठी आलेल्या वऱ्हाडाचे पहिले स्वागतही शिवेवरच होई. त्या विधीचे सीमांतपूजन हे नाव आजही टिकून आहे. शिवेच्या आतला तो आपला, अशी साधी समजूत त्यामागे होती. शहरे वाढली, तशी शिवेचा दगड जाऊन नकाशावरची रेघ आली आणि पेठेचा ‘वॉर्ड’ व वॉर्डाचा ‘प्रभाग’ झाला. ही रेघ कोण ओढतो, कोणत्या हिशेबाने ओढतो आणि तिच्या आत किती प्रतिनिधी बसवतो, हा प्रश्न रुक्ष वाटतो खरा. परंतु नळाला पाणी न आल्यास कोणाचे दार ठोठवायचे, हे त्या रेघेवरच ठरत असते. सातारा आणि सांगली या दोन जुळ्या जिल्ह्यांच्या इतिहासातून हा प्रश्न जितका स्पष्ट उलगडतो, तितका क्वचितच अन्यत्र उलगडत असेल.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहू छत्रपतींनी वसवलेले सातारा हे पेठांचे शहर. शनिवार, सोमवार, मंगळवार, गुरुवार या वारांच्या पेठा. चिमणपुरा, व्यंकटपुरा, मल्हार पेठ, यादोगोपाळ पेठ. पुढे इंग्रजी अंमलात वाढलेला सदर बझार. मराठेशाहीत पेठेचा कारभार शेटे-महाजनांकडे असे. त्यांना कोणी मतदानाने निवडत नसे, पण पेठ कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे पोरासोरांनाही ठाऊक असे. १८४८ साली शहाजीराजे निवर्तले आणि दत्तकाचा हक्क नाकारून इंग्रजांनी साताऱ्याचे राज्य खालसा केले. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत, १८५३ साली, येथे नगरपालिका स्थापन झाली. शेजारच्या कऱ्हाडची नगरपालिका १८५५ ची. १८५० च्या कायद्याखाली निघालेल्या या नगरपालिकांचे सभासद सरकारनियुक्त असत. रस्ते, दिवे, झाडलोट यांसाठी लोकांनी कर द्यावा, पण तो कसा खर्च व्हावा हे त्यांना विचारले जाऊ नये, असा तो काळ होता.

त्या व्यवस्थेला पहिला धक्का दिला तो लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने. बिनसरकारी सभासद बहुसंख्य असावेत आणि शक्य तेथे ते निवडून यावेत, हे तत्त्व त्यात मांडले गेले. मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने ते काही अंशी उतरले. निवडणूक आली तेव्हा मतदारांचे गट पाडणे ओघानेच आले. मात्र मताचा अधिकार करदात्या व मालमत्ताधारकांपुरता होता. म्हणजे नकाशावर सारी वस्ती वॉर्डात मोडत असली, तरी मतदारयादीत तिचा थोडाच भाग असे. झाडूवाला, हमाल, भाडेकरू आणि बहुतेक स्त्रिया शिवेच्या आत राहूनही बाहेरच होत्या.

सांगलीची कथा निराळ्या वाटेने जाते. १८०१ च्या सुमारास चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले व सांगलीचे संस्थान उदयाला आले. त्याचा मुलूख सलग नव्हता. मंगळवेढे एका बाजूला, तेरदाळ दुसरीकडे, बेळगावजवळचे शहापूर तिसरीकडे, तर शिरहट्टी पार दक्षिणेत. १९४८ च्या मार्चमध्ये ही संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग करण्यात आले. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हा भाग आणि सांगली, मिरज, जत ही विलीन झालेली संस्थाने मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. उरलेला ‘उत्तर सातारा’. १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. एका पिढीच्या आयुष्यात घर न हलवता माणसाचा राजा बदलला, राज्य बदलले, जिल्हा बदलला आणि जिल्ह्याचे नावही बदलले.

याच भूमीत औंध संस्थानाचा एक विलक्षण प्रयोग होऊन गेला. भवानराव पंतप्रतिनिधी या राजाने आपणहून सत्ता सोडण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली ‘स्वराज्य’ राज्यघटना जाहीर केली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याचा आणि राजपुत्र आप्पासाहेब पंतांचा त्यात मोठा वाटा होता. संस्थानात ७२ गावे होती, तीही औंध, कुंडल, आटपाडी अशी विखुरलेली. प्रत्येक गावाने पाच पंच निवडावेत, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हावी, आणि तिने वरच्या विधिमंडळात प्रतिनिधी धाडावेत, अशी ती रचना. येथे कोणाला गट पाडावे लागले नाहीत, कारण गाव हाच गट होता. मतदार पंचाला ओळखत होता आणि पंच मतदाराला. विलीनीकरणात हा प्रयोग संपला. परंतु मतदार आणि प्रतिनिधी यांच्यात अंतर किती असावे, हा त्याने विचारलेला प्रश्न अजून शिल्लक आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला आणि मोजदादीला खरे महत्त्व प्राप्त झाले. नगरपालिकांसाठी १९६५ चा कायदा आणि महानगरपालिकांसाठी १९४९ चा कायदा, हे आजही पायाभूत आहेत. दोन्हींत सभासदसंख्या लोकसंख्येवर ठरते. २०११ च्या जनगणनेत सातारा शहराची लोकसंख्या १,२०,१९५ भरली. एक लाखावरील शहराला किमान ३८ सभासद आणि लाखावरील प्रत्येक ८,००० लोकांमागे एक अधिक, असा नियम होता. म्हणून २०१६ च्या निवडणुकीत साताऱ्याला ४० नगरसेवक मिळाले. सांगली-मिरज-कुपवाड ही तीन गावे मिळून ९ फेब्रुवारी १९९८ रोजी महानगरपालिका झाली. तिची २०११ ची लोकसंख्या ५,०२,७९३. तीन लाखांना ६५ आणि त्यावरील प्रत्येक १५,००० लोकांमागे एक, या हिशेबाने ७८ जागा झाल्या. भागाकार करून पाहिला, तर साताऱ्यात सुमारे ३,००० माणसांमागे एक नगरसेवक आणि सांगलीत सुमारे ६,४५० माणसांमागे एक. शहर मोठे झाले की प्रतिनिधी दुरावतो, हे येथे आकड्यांतच दिसते.

या अंतरात आणखी भर पडते ती बहुसदस्य प्रभागाने. २०१६ साली साताऱ्यात २० प्रभागांतून प्रत्येकी दोन नगरसेवक निवडले गेले. सांगलीत २०१८ साली २० प्रभागांतून ७८ जण निवडले गेले. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे, म्हणजे पंचवीस हजारांहून अधिक वस्तीचे. एकसदस्य प्रभागात माणूस ओळखून मत देता येते. चौघांच्या प्रभागात पक्ष पाहून मत दिले जाते, आणि तक्रार घेऊन गेल्यावर ‘ते काम त्यांच्याकडे’ असे चौघेही म्हणू शकतात. दुसरी बाजूही खरी आहे: मोठ्या प्रभागात एका गल्लीच्या जोरावर निवडून येणे अवघड होते आणि स्त्रिया व मागासवर्गीय यांच्या राखीव जागा बसवणे सोपे जाते. खेद याचा वाटतो की, आपल्या राज्यात ही पद्धत तत्त्वासाठी क्वचितच बदलली. महानगरपालिकांत २००२ साली तीन सदस्य, २००७ साली एक, २०१२ साली दोन, २०१७ साली चार, असा फेरा फिरत राहिला. २०२१ मध्ये सभासदसंख्या वाढवण्यात आली आणि २०२२ मध्ये नवे सरकार येताच ती पुन्हा खाली आणण्यात आली. ज्याच्या हाती दोरी, त्याने शीव मोजावी, असाच हा प्रकार.

१९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने याला आवर घालण्याचा प्रयत्न केला. मुदत पाच वर्षांची ठरली, राज्य निवडणूक आयोग आला, स्त्रियांना एक-तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. प्रभाग आखण्याचे नियमही ठरले. आखणी उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेस संपवावी. सरासरी लोकसंख्येपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक फरक नसावा. नदी, नाले, मोठे रस्ते, लोहमार्ग यांचा आधार घ्यावा. अनुसूचित जातींच्या वस्त्या फोडू नयेत. आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. हा टप्पा फार मोलाचा आहे, कारण प्रभागांच्या सीमा ठरवणाऱ्या कायद्याच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देण्यावर घटनेनेच बंधन घातले आहे.

तरीही व्हायचे ते झाले. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेचा अधिकार आयोगाचा की सरकारचा हा वाद, यांत निवडणुका अडकल्या. सातारा नगरपालिकेची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली, सांगलीची ऑगस्ट २०२३ मध्ये. दोन्ही ठिकाणी प्रशासक आले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कोठे साताऱ्यात डिसेंबर २०२५ मध्ये आणि सांगलीत १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. साताऱ्याची जनता जवळजवळ चार वर्षे नगरसेवकाविना राहिली. १८५३ सालचे सरकारनियुक्त मंडळ आणि २०२३ सालचा प्रशासक यांत करदात्याच्या दृष्टीने फरक तो किती, असे कोणी विचारले तर उत्तर देणे कठीण आहे.

मधल्या काळात साताऱ्याची शीव मात्र वाढली. अनेक दशके रेंगाळलेली हद्दवाढ सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. शाहूपुरी, विलासपूर यांसारखी उपनगरे शहरात आली आणि जागा ४० वरून ५० वर गेल्या. या नव्या शहरवासीयांची ग्रामपंचायत गेली, आणि नगरपालिकेत त्यांचा माणूस बसायला पाच वर्षे लागली. शिवाय ही सारी आखणी २०११ च्या शिरगणतीवर झाली, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. चौदा वर्षांत जी घरे उभी राहिली, त्यांतील माणसे मतदारयादीत आहेत, पण प्रभाग आखणाऱ्याच्या हिशेबात नाहीत.

आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजाला या विषयाचे एक वेगळे अंग आहे. १९४९ च्या मे महिन्यात संविधान सभेने धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून देण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी ख्रिस्ती प्रतिनिधी हरेंद्रकुमार मुखर्जी आणि येशूसंघीय धर्मगुरू जेरोम डिसोझा यांनी वेगळेपणाची सवलत न मागता सर्वांच्या सद्भावावर विश्वास टाकला. तो निर्णय उदात्त होता. परंतु त्याचा एक परिणाम असा की, थोड्या घरांच्या समाजाचा आवाज ऐकू येणे हे शेजाऱ्यांशी असलेल्या त्याच्या नात्यावर आणि त्याच्या वस्तीवरून रेघ कोठून जाते यावर अवलंबून राहिले. वस्ती एका प्रभागात राहिली तर उमेदवार दारी येतो. दोघांत वाटली गेली तर दोन्हीकडे ती मोजण्यापलीकडे जाते. हे केवळ आपलेच नव्हे. कैकाडी, वडार, बागवान, सुतार, कोणत्याही लहान समाजाचे हेच दुखणे आहे. म्हणून आपल्यासाठी वेगळी रेघ मागण्यापेक्षा सर्वांसाठी सरळ रेघ मागणे हेच त्या १९४९ च्या विश्वासाला साजेसे होईल.

पुढची जनगणना आता २०२७ ची ठरली आहे. तिचे आकडे आले की रेघा पुन्हा ओढल्या जातील. तेव्हा आराखडा नगरपालिकेच्या फलकावर लागेल आणि हरकतींसाठी मोजके दिवस मिळतील. पक्षांची माणसे तो बारकाईने वाचतील. प्रश्न उरतो तो आपण वाचणार का हा. जुन्या काळी शिवेच्या वादात गावातले जाणते लोक शिवेवर उभे राहून ‘येथून येथवर आमचे’ असे साक्षीने सांगत. आता ती साक्ष एका साध्या अर्जावर द्यायची असते, आणि ती द्यायला जाणते होण्याचीही गरज नाही. आपल्या गल्लीत किती घरे आहेत, एवढे ठाऊक असले तरी पुरे.