भाकरीचे माप

माणसाने किती खावे हे पूर्वी भूक ठरवी आणि काय खावे हे जमीन ठरवी. विसाव्या शतकात या दोघींच्या पंगतीला शास्त्रज्ञांचा तराजू येऊन बसला. १९१८ साली डॉ. मॅककॅरिसन यांनी दक्षिणेत कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाच्या चौकशीचे काम आरंभिले. त्याच रोपट्याची पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. या संस्थेने २०२४ साली भारतीयांच्या ताटाचे माप सांगितले. २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ३०० मिलिलिटर दूध असावे. धान्यातून ४५ टक्क्यांहून अधिक उष्मांक येऊ नयेत. आपल्याकडे मात्र ते ५० ते ७० टक्के येतात.

हे माप मी आमच्या ढाणकीच्या ताटाला लावून पाहतो. ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातले गाव. पैनगंगेच्या पलीकडे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. राजे दोन, पण दोन्ही काठांवर ताट एकच: ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. हे ताट आजच्या तराजूवरही फारसे उणे ठरणार नाही.

पण वाचकहो, असे भरले ताट साऱ्यांच्या पुढे नव्हते. मजुराच्या भाकरीला मिरची नि मीठ एवढीच सोबत. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग आढळे; कातडी काळवंडून सोलते, पुढे बुद्धीलाही भ्रम होतो. १९६० साली हैदराबादच्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी ज्वारीतील ल्युसिन या घटकावर बोट ठेवले. त्या मतावर पुढे वाद झाले. मात्र भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे ज्यांना मिळत, त्यांना या रोगाचे भय थोडे, हे खरे.

पुढे दिवस पालटले. १९६४ साली संकरित ज्वारी आली. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. त्यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. टंचाईत अमेरिकेची तांबडी मिलो पोटात गेली. १९७२ च्या दुष्काळाने तर भल्याभल्यांना खडी फोडायला लावले. नंतर शेते कपाशी आणि सोयाबीनने भरली, आणि रेशनचा गहू-तांदूळ घरोघरी पोचला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्य ठरले. जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळते. या धान्याने भूक हटली, ही लहान गोष्ट नव्हे. पण गरिबाची म्हणून हिणवलेली ज्वारी आता विकत घ्यावी लागते, आणि २०२३ हे वर्ष तर साऱ्या जगाने भरडधान्यांचे म्हणून साजरे केले!

तेव्हा आमचे ताट मापाबाहेर गेले ते अडाणीपणाने नव्हे. पिशवीत जे येते तेच ताटात पडते. कपाशीत तुरीचे तास असतात, पण तूर बाजारात जाते. बियाण्याचे देणे डाळीची वाट पाहत नाही.

आणि जे वरण उरते, ते कोणाच्या वाट्याला? दिवसभर कापूस वेचून आलेली बाई सर्वांना वाढून शेवटी बसते. तोवर पातेल्यात पाणीच उरलेले असते. ८५ ग्रॅम डाळीचा हिशेब करायचा तर तो तिच्या ताटापासून सुरू करावा. यंदाच्या दिवाळीत निदान एक दिवस तिला पहिल्या पंगतीला बसवू या.