शिंपल्याची आतली बाजू : सागरी द्विपुटांच्या अभ्यासाची प्रस्तावना

घोडेगावहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेली एसटी प्रवरासंगमला गोदावरी ओलांडते. जायकवाडी धरणाचे पाणी ओसरले की तिथल्या गाळात काळपट तपकिरी शिंपले उघडे पडतात. नेवासे तालुक्यातल्या कितीतरी मुलांनी ते उचलून आतली चमक पाहिली असेल आणि पुन्हा पाण्यात भिरकावले असतील. सागरी शिंपल्यांवरच्या या पुस्तकाची सुरुवात मी मुद्दाम त्या नदीच्या शिंपल्यापासून करतो आहे. घोडेगाव, सोनई, नेवासे इथे प्राणिशास्त्र शिकणाऱ्यांना वाटते की समुद्री जीवांचा अभ्यास कोकणातल्या मुलांनी करावा, आपला त्याच्याशी काय संबंध! हा समज दूर व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पहिली विनंती अशी, की शिंपला हाती आला की लगेच त्याचे नाव विचारू नका. तो उलटा करून आतली बाजू पाहा. बाहेरचा रंग आणि रेघा फसव्या असतात. एकाच जातीत त्या पुष्कळ बदलतात. प्राणी कसा जगला याची नोंद आत असते. तिथे सहसा दोन गुळगुळीत वण दिसतात. शिंपला मिटून धरणारे दोन स्नायू त्या जागी चिकटलेले होते. त्या दोन वणांना जोडणारी एक बारीक रेघ कडेला समांतर जाते. प्रावार, म्हणजे शिंपला घडवणारी मांसल चादर, त्या रेघेवर कवचाला धरलेली असते. आता गोदावरीचा शिंपला आणि रत्नागिरीची तिसरी (कोकणातल्या खाड्यांतला खाण्याचा शिंपला) शेजारी ठेवा. नदीच्या शिंपल्यात ही रेघ सलग जाते. तिसरीत मागच्या बाजूला ती आत वळते आणि तिथे खाच तयार होते. वाळूत पुरून घेतलेली तिसरी दोन नळ्या वर काढून पाणी घेते व सोडते. धोका जाणवला की त्या नळ्या आत ओढून घ्याव्या लागतात आणि त्यासाठी लागणारी जागा म्हणजे ती खाच. मेलेल्या, रिकाम्या कवचावरून प्राणी गाळात कसा राहत होता हे सांगता येते, याहून आनंदाची गोष्ट या शास्त्रात मला तरी माहीत नाही.

शिंपल्याच्या दोन पुटांपैकी, म्हणजे झाकणांपैकी, एक वरचे आणि एक खालचे, असे आपण सहज धरून चालतो. खरे तर ती प्राण्याची डावी आणि उजवी बाजू आहे; बिजागरी म्हणजे त्याची पाठ. डोके नाही, दात असलेली जीभ नाही. बिजागरीशी एक लवचिक बंध असतो. तो पुटे सतत उघडू पाहतो आणि स्नायू ती मिटून धरतात. मालवणी स्वयंपाकघरात तिसऱ्या उकळल्या की उघडतात त्या याच कारणाने : उष्णतेने स्नायू सुटतात, बंध आपले काम करतो, मग एक पूट काढून टाकून एकशिपीची तयारी होते.

आतल्या अवयवांची रचना मात्र थोडे थांबून पाहण्यासारखी आहे. बहुतेक द्विपुटांचे क्लोम, म्हणजे कल्ले, केवळ श्वासासाठी नसतात. त्यांच्यावरचे सूक्ष्म केस हलत राहून पाणी आत खेचतात आणि त्यातले शैवालकण चिकट स्रावात अडकवून तोंडाकडे नेतात. जठरात एक पारदर्शक दांडी स्वतःभोवती फिरत असते. तिचे टोक झिजत जाते आणि त्यातून पाचक द्रव्ये मिसळतात. बाजारात बराच वेळ पडून राहिलेल्या शिंपल्यात ही दांडी बहुधा विरघळून गेलेली असते, म्हणून विच्छेदनासाठी ताजा प्राणी आणावा. हृदयाची जवनिका गुदांत्राभोवती गुंडाळलेली असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला आपलेच काही चुकले असे वाटते, पण रचनाच तशी आहे.

वर्गीकरणाचा इतिहास म्हणजे कोणत्या अवयवावर विश्वास ठेवावा याचा वाद. जीवाश्मांत मांस उरत नाही, म्हणून पुराजीवशास्त्रज्ञांनी बिजागरीचे दात मोजले. बेल्जियमच्या पॉल पेल्सनीर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्लोमांच्या घडणीवर भर दिला. पुढे डीएनए आला आणि काही जुनी घराणी मोडली. 2010 मध्ये बीलर, कार्टर आणि कोअन यांनी कुळांची नवी मांडणी केली. 2017 मध्ये आशियातल्या काही कालवांना (ऑयस्टरना) क्रासोस्ट्रियातून काढून मॅगॅलाना या नव्या प्रजातीत (जीनसमध्ये) घालण्याचा प्रस्ताव आला आणि त्यावर मतभेद झाले. नावे बदलतात म्हणून वैतागू नये. प्रत्येक बदलामागे कोणीतरी एखादा अवयव नव्याने पाहिलेला असतो.

आजच्या मांडणीत शिनाणे (मसल), कालव, मोत्याचा शिंपला आणि गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना बसवलेला पातळ अर्धपारदर्शक शिंपला एका मोठ्या शाखेत येतात. तिसरी हा शिंपला दुसऱ्या शाखेत. जहाजांचे लाकूड पोखरणारा किड्यासारखा टेरेडोही त्याच बाजूचा. गोदावरीचा शिंपला, लॅमेलिडेन्स, याहून वेगळ्या शाखेत. त्याच्या शाखेची समुद्रात उरलेली एकच प्रजाती (जीनस) आहे, निओट्रिगोनिया, आणि ती ऑस्ट्रेलियाच्या आसपासच सापडते. तिच्या नात्यातल्या ट्रिगोनियांचे जीवाश्म मात्र कच्छच्या ज्युरासिक आणि क्रिटेशियस खडकांत भरपूर मिळतात. प्रवरासंगमचा शिंपला हा त्या समुद्री घराण्याचा नातलग आहे. समुद्रातल्या बहुतेक द्विपुटांची पिल्ले पाण्यात मोकळी तरंगतात. याची पिल्ले मात्र माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. वाहत्या नदीत तरंगत राहिली असती तर पाण्याबरोबर खाली गेली असती.

समुद्रापासून दूर राहून हे काम होते का, असे कोणी विचारले तर मी संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे बोट दाखवतो. तिथले आर. नागभूषणम् आणि यू. एच. माने यांनी रत्नागिरीजवळच्या काळबादेवी खाडीतल्या कॅटेलिसिया ओपिमा या तिसरीच्या प्रजननावर काम केले आणि ते 1975 मध्ये प्रसिद्ध झाले. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होते तेव्हा शिंपला मिटून बसतो. अशा ठिकाणी ऋतुमानाशी जुळवून प्रजनन कसे होते, हा कोकणातल्या कोळणींच्या रोजच्या कामाशी जोडलेला प्रश्न आहे. तो मराठवाड्यातल्या अभ्यासकांनी हाती घेतला, याचा मला अभिमान वाटतो.

पुस्तकातली प्रकरणे क्रमाने वाचावीत. आधी नदीचा शिंपला, मग तिसरी, मग शिनाणे. कालव शेवटी ठेवले आहे. कालवात स्नायू एकच उरतो, प्रौढपणी पाद, म्हणजे मांसल पाय, नसतो, डावे पूट खडकाला कायमचे चिकटते आणि आकार खडकाप्रमाणे वेडावाकडा होतो. नेहमीची रचना हाताला आणि डोळ्याला पक्की झाल्याशिवाय कालवात काय काय नाहीसे झाले ते कळत नाही. म्हणून त्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी निदान दोन ताज्या तिसऱ्या स्वतःच्या हाताने उघडून, आकृती काढून ठेवाव्यात.