अंगणवाडी : एका शब्दाचा प्रवास

'अंगणवाडी' म्हटलं की आपल्या मनात काय येतं? खिचडी, वजनकाटा, लसीकरण... आणि 'त्यांची' मुलं. आपली मुलं नर्सरीत जातात. वय तेच, अडीच-तीन वर्षांचं. शब्द मात्र दोन. मला याची गंमत वाटते आणि थोडी चीडही येते, कारण ज्यांच्या कामातून हा शब्द रुजला त्या बाई नेमकी हीच दरी बुजवायला निघाल्या होत्या.

ताराबाई मोडक (१८९२-१९७३). भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी माँटेसोरी पद्धतीवर काम केलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार. उत्तम काम होतं, पण लाभ मुख्यतः शहरातल्या बऱ्या घरांना. माँटेसोरीची साधनं महाग, गरिबाच्या आवाक्याबाहेरची. म्हणून १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, ताराबाई बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ.

तिथे बालवाडी निघाली, पण दलित-आदिवासी वस्तीतली पोरं काही येईनात. आपल्यासारख्यांचं यावर ठरलेलं उत्तर असतं : 'त्यांना शिक्षणाची आवडच नाही हो!' ताराबाई-अनुताईंनी हे मानलं नाही. त्या वस्तीतच गेल्या. मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे आणि तिथेच, अंगणात, शाळा भरवायची. साधनं म्हणजे शंख-शिंपले, बिया, पानं. झाली अंगणवाडी!

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलखात गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पण मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती 'विकासवाडी'. मोठी मुलगी शाळेत का येत नाही? तर तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं, आई मजुरीला गेलेली. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्रच आणली. भावंड पाळणाघरात, ताई वर्गात. पाळणाघर ही चैन नसून कोणाची तरी शाळा त्यावर अवलंबून असते, हे इतक्या सरळ हिशेबाने कोणी मांडलं असेल?

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, ३३ प्रकल्पांपासून. अंगणवाडी देशभर पोचली, ही मोठीच गोष्ट. पण 'गरिबांची सोय' असा शिक्काही बसला. 'शिकवणं' म्हणजे मानाचं आणि 'सांभाळणं' म्हणजे बाईमाणसाचं फुकटचं काम, ही आपली जुनी समजूत. सेविकेला पगार नाही, 'मानधन' मिळतं, ते त्यातूनच. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल यावा लागला. कायद्याचंही तसंच. १९४८ च्या कारखाना कायद्यात पन्नासाहून अधिक स्त्रिया असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं, १९७६ मध्ये ती अट तीसवर आली. शेतमजूर, धुणीभांडी करणाऱ्या बायका यांना कुठला कारखाना?

असो. आमच्या सोसायटीत नोकरदार आईबापांची मुलं सांभाळायला बायका येतात, सकाळी आठ ते संध्याकाळी सात. बहुतेक अंगणवाड्या दुपारीच बंद होतात. मग तुझ्या धाकट्याला कोण बघतं, असं मी त्यांच्यातल्या एकीला विचारलं.

"त्याची ताई आहे ना," ती म्हणाली. "सातवीत होती. आता घरीच असते."