विरोधकानं दिलेलं सर्टिफिकेट

आज आपण जाणार आहोत चौथ्या शतकातल्या रोमन साम्राज्यात. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या चांगुलपणाबद्दल त्यांच्याच लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय. पण मला सगळ्यात जास्त पटते ती साक्ष एका विरोधकाची, सम्राट ज्युलियनची.

ज्युलियन जन्मला ३३१ मध्ये, वाढला ख्रिस्ती वातावरणात. सम्राट कॉन्स्टंटाइन त्याचा काका. ३३७ मध्ये काका वारला आणि सैनिकांनी ज्युलियनच्या वडिलांसह घरातले बहुतेक पुरुष कापून काढले. पोरगं तेव्हा पाच-सहा वर्षांचं. यामागे आपला चुलतभाऊ कॉन्स्टँटियस होता, असं ज्युलियननं पुढं उघड लिहिलं. हा कॉन्स्टँटियसही ख्रिस्तीच, बरं का! ३५४ मध्ये त्यानं ज्युलियनच्या सावत्र भावालाही मारवलं. त्यामुळं ३६१ मध्ये स्वतः सम्राट झाल्यावर ज्युलियननं तो धर्म सोडल्याचं जाहीर केलं आणि जुन्या देवांची देवळं पुन्हा उघडली, याचं मला काही नवल वाटत नाही.

नवल पुढं आहे. देवळं उघडली, पण भक्तांचा पत्ता नाही. अँटिओक शहराजवळ अपोलो देवाचा उत्सव होता. सम्राट मोठ्या उत्साहानं गेला, तर शहराकडून नैवेद्य म्हणून काहीच नाही. बिचाऱ्या पुजाऱ्यानं स्वतःच्या घरून एक हंस आणला होता, तेवढाच!

ज्युलियननं गलातियाच्या मुख्य पुजाऱ्याला पत्र लिहिलं. गलातिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं अंकारा आणि आसपासचा भाग. पत्राचा मतलब असा, की ख्रिस्ती लोक वाढतायत ते परक्यांना आसरा देतात, मेलेल्यांना नीट पुरतात आणि सभ्यपणानं जगतात म्हणून. म्हणजे तसं सोंग तरी करतात, असा टोमणाही आहेच. आणि खरी लाज कशाची? ते स्वतःचे गरीब पोसतात आणि वर आमचेही पोसतात!

मग हुकूम सुटले. पुजाऱ्यांनी नाटकं बघायला जायचं नाही, गुत्त्यात बसायचं नाही. गावोगावी धर्मशाळा काढायच्या. एकट्या गलातियाला वर्षाला ३०,००० मापं गहू मंजूर. त्यातला पाचवा हिस्सा पुजाऱ्यांकडं राबणाऱ्या गरिबांना, बाकीचा वाटसरू आणि भिकाऱ्यांना. हे पत्र नंतर कुणीतरी रचलं असावं, असं काही अभ्यासक म्हणतात. पण पुजाऱ्यांनी गरिबांना वाऱ्यावर सोडलं आणि ती जागा ख्रिस्ती लोकांनी घेतली, ही तक्रार ज्युलियनच्या दुसऱ्या एका पत्रातही सापडते.

आता ही परक्यांची सेवा प्रत्यक्षात दिसायची कशी? त्यासाठी पन्नासेक वर्षं मागं, इजिप्तमध्ये जाऊ. पाखोमियस नावाचा विशीतला तरुण. ख्रिस्ती नव्हता. त्याला जबरदस्तीनं सैन्यात भरती केलं होतं. नाइल नदीतून नेताना थीब्ज शहरात सगळ्या पोरांना रात्री तुरुंगात कोंडलं, पळून जाऊ नयेत म्हणून. संध्याकाळी गावातली काही माणसं जेवण घेऊन आली. ओळख ना पाळख! पाखोमियसनं विचारलं, हे कोण? उत्तर मिळालं, ख्रिस्ती आहेत, सगळ्यांशी असंच वागतात. त्या रात्री त्यानं प्रार्थना केली की सुटलो तर आयुष्यभर लोकांची सेवा करीन. सुटल्यावर बाप्तिस्मा घेतला, आणि पुढं साधूंनी एकत्र राहायच्या मठांची मोठी परंपराच सुरू केली. जेवण आणणाऱ्यांचं एकही नाव आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

मला वाटतं, फरक इथंच पडला. पाखोमियसला भेटले ते ताट घेऊन आलेले ख्रिस्ती. लहानग्या ज्युलियनला भेटले ते राजवाड्यातले. तरीही त्यानं या ताटाची दखल घेतली, हा त्याचा प्रामाणिकपणा मला आवडतो. पण कोठारातून गहू मंजूर करता येतो, ओळख नसताना दार ठोठावणारी माणसं कुठून मंजूर करणार? त्यात त्याला वेळही मिळाला नाही. ३६३ मध्ये इराणच्या मोहिमेत तो मारला गेला, वय जेमतेम ३२.

जाता जाता एक गंमत. ३५५ मध्ये ज्युलियन अथेन्सला शिकत होता, तेव्हा तिथं बॅसिल नावाचा एक ख्रिस्ती विद्यार्थीही होता. पुढं हा बॅसिल गलातियाच्या शेजारच्या प्रांतात, कैसरिया शहरात बिशप झाला. तिथं त्यानं शहराबाहेर गरीब, आजारी आणि वाटसरूंसाठी मोठी वस्तीच उभारली. कुष्ठरोग्यांना तो स्वतः जवळ घ्यायचा, असं त्याच्या मित्रानं लिहून ठेवलंय. त्या वस्तीची गोष्ट पुढच्या भागात. भेटूया!