मोह आणि मोह

हेमलकशाच्या रानांत फाल्गुन-चैत्रांत भल्या पहाटे झाडाखालीं मोहाचीं फुलें वेंचणारे माडिया लोक दिसतात. “मोह पाडतें म्हणून मोह,” असें सुशिक्षित प्रवासी सहज बोलून जातो. वाक्य चटकदार आहे. आम्हींही तें कधीं काळीं वर्गांत सांगितलें आहे. खरें मात्र नाहीं.

भुलविणारा मोह संस्कृत ‘मुह्’ धातूपासून आला. झाडाचा मोह हें ‘मधूक’ शब्दाचें, प्राकृत ‘महुअ’च्या वाटेनें झिजत आलेलें रूप होय. मराठीनें पुसलेलें हें मूळ वनस्पतिशास्त्रज्ञांच्या ‘मधुका’ या लॅटिन नांवांत शाबूत राहिलें, हा योगायोग मौजेचा खरा. माडियांची बोली ज्या द्राविड कुळांतली, त्याच कुळांतल्या तेलुगूंत या झाडास इप्प म्हणतात, तमिळांत इलुप्पै. तेथें भुरळीचा मागमूस नाहीं.

अशा शब्दांचें काय करावें, हा कोशकारांचा जुना पेंच आहे. अमरसिंहानें तिसऱ्या कांडांत नानार्थवर्ग वेगळा काढून शब्द अंत्य व्यंजनानुसार लावले. ‘हरि’ म्हणजे विष्णु, सिंह, वानर आणि बेडूकही! बाराव्या शतकांत हेमचंद्रानें ‘अनेकार्थसंग्रह’ रचला. या ग्रंथकारांपुढें श्लेष साधणारा कवि होता. शब्द मुळांत एक कीं दोन, ही चौकशी त्याला नको होती. मराठींत मोल्सवर्थनें (दुसरी आवृत्ति १८५७) शब्दापुढें मूळ भाषेचें चिन्ह घातलें आणि १९३२ पासून निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशानें कंसांत व्युत्पत्ति दिली. ‘तीर’ म्हणजे कांठ हा शब्द संस्कृत, बाण या अर्थाचा फारसी. तेथें गफलत झाली तरी कोणाचें बिघडत नाहीं.

मोहाचें तसें नाहीं. दोन शब्द एक मानले कीं झाडाच्या नांवांतच दारू दिसूं लागते. मुंबई सरकारनें १८९२ सालीं ठाणें-कुलाब्याकडे या फुलांवर कायद्यानें निर्बंध घातले, त्यामागें अबकारीचें उत्पन्न होतें, व्युत्पत्ति नव्हे. तरी फूल म्हणजे दारूच, ही नजर तीच. माडियांच्या घरीं हेंच फूल वाळवून ठेवतात, तें पोटाला आधार होतें. बियांचें तेल निघतें.

म्हणून एकाच नोंदीखालीं १, २ असे आंकडे घालून दोन्ही अर्थ बसविणें आम्हांस मान्य नाहीं. कोशांत मोह दोनदां यावा. आणि झाडाच्या नोंदींत अन्न आधीं यावें, दारू मागाहून.