गच्चीवरून धावपट्टीपर्यंत

घरी विमान बांधण्याचा महाराष्ट्रातला इतिहास आपण एकेकट्या माणसांच्या गोष्टींतून सांगत आलो आहोत. गिरगाव चौपाटीवरचे शिवकर बापूजी तळपदे आणि चारकोपच्या गच्चीवरचे कॅप्टन अमोल यादव या दोघांच्याही गोष्टीत एक झपाटलेला माणूस असतो, त्याला न ओळखणारे जग असते आणि शेवटी हळहळ तरी असते किंवा टाळ्या तरी. या मांडणीने गोष्ट रंगते, पण इतिहास हाती लागत नाही. घरगुती विमान जगात जिथे जिथे रुजले, तिथे ते एकट्याचे कधीच नव्हते. तिथे पायरीपायरीने पुढे नेणारा नियम होता, जवळपास उतरायला मोकळी जागा होती आणि केलेले काम तपासून ‘हे उसवा, पुन्हा करा’ असे सांगणारी जाणकार मंडळी होती. आपल्याकडे उणीव पडली ती या तिन्हींची. जिद्द आणि हात यांचा तुटवडा नव्हता, हे सातारा-सांगली पट्ट्याचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहासच सांगतो.

आधी रुजणे म्हणजे काय ते ठरवू. अमेरिकेत निवृत्त नवरा-बायको आपल्या गॅरेजमध्ये चार-पाच वर्षे खपून दोन आसनी विमान बांधतात आणि मग वर्षभर त्यातून नातवंडांकडे, जुन्या मित्रांकडे, कधी नुसते न्याहारीला दुसऱ्या गावी जाऊन येतात. त्याची बातमी होत नाही. बातमी न होणे हीच प्रथा रुजल्याची खूण. तिथल्या नियमानुसार विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौसेसाठी किंवा शिकण्यासाठी बांधणाऱ्यांनी स्वतः केलेले असले, तर त्याला प्रायोगिक वर्गात परवाना मिळतो. त्यानंतर ठरावीक पट्ट्यात साधारण २५ ते ४० तासांची चाचणी उड्डाणे पार पाडावी लागतात आणि ती होईपर्यंत हौसेने कोणाला शेजारी बसवता येत नाही. पुढे दरवर्षी तपासणी असते आणि ती करण्याचा दाखला बांधणाऱ्याला स्वतःला मिळवता येतो. १९५३ साली मिलवॉकीत पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी लोकांची संघटना उभी केली. नियमाची भाषा सामान्य माणसाला समजावणे आणि अर्धवट झालेल्या कामावर नजर टाकणे ही कामे तिथे एका सभासदाने दुसऱ्यासाठी करायची असतात.

हे काम मुळातच दोघांचे आहे. ॲल्युमिनियमच्या पंखाला रिव्हेट बसवताना एकाने बाहेरून हवेच्या दाबाची बंदूक धरायची आणि दुसऱ्याने आतून, अनेकदा कोपरापर्यंत हात घालून, पोलादी ठोकळा रिव्हेटच्या शेपटाला टेकवायचा. ठोकळा तिरपा झाला की शेपूट वाकडे चेपते, मग ते ड्रिलने काढून भोक न वाढवता नवे रिव्हेट बसवावे लागते. लहानशा धातूच्या विमानात अशी रिव्हेट हजारोंनी असतात. बाहेरच्याला आतले दिसत नाही आणि आतल्याला बाहेरचे, त्यामुळे सगळा कारभार आवाजावर आणि भरवशावर चालतो. राइट बंधूंच्या कामाचीही खरी रचना हीच होती. ते दोघे होते, सायकलींचे दुकान सांभाळत इंजिन घडवून देणारा चार्ली टेलर होता, घर चालवणारी बहीण कॅथरीन होती आणि १९०४ पासून सरावासाठी डेटनजवळचे आपले कुरण फुकट वापरू देणारा एक बँकवालाही होता. त्या कुरणाशिवाय १९०३ चे पहिले उड्डाण म्हणजे एक चमत्कार ठरला असता. कुरणामुळे ती विद्या झाली.

आता आपल्याकडे पाहू. राइट बंधूंच्या आधी काही वर्षे, १८८८ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते. जागा सोडावी लागल्यावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडलजवळचे माळरान दिले आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंगाच्या त्या रानात लोखंडी नांगर ओतले गेले. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ पासून काचकारखाना चालला आणि त्याचा प्रभाकर कंदील घराघरांत पोचला. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू गावचे विष्णु माधव घाटगे गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्याकडे वायुगतिकी शिकले. पुढे बंगळुरात वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये सुरू केलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान रचले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडाले. हिंदुस्थान एअरक्राफ्टने स्वतः रचून बांधलेले हे पहिले शक्तिचलित विमान कृष्णेच्या खोऱ्यातल्या माणसाचे आहे. म्हणजे धातू ओळखणारे हात इथे होते आणि हवेचे गणित मांडणारे डोकेही होते. मात्र नांगराला संस्थानिकाचा माळ मिळाला, विमानाला बंगळूर गाठावे लागले.

मेढ्यासारख्या गावाकडून पाहिले तर हे आणखी स्पष्ट दिसते. वेण्णेच्या काठचे मेढा हे जावळी तालुक्याचे ठिकाण. दोन्ही बाजूंना डोंगर, सपाट जमीन थोडी आणि ती भाताची. जावळी आणि पाटण या डोंगरी तालुक्यांनी मुंबईला गिरणी कामगार दिले, माथाडी दिले; माथाडींना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. कौशल्य आणि कष्ट दोन्ही मुंबईला गेले, परत आली ती मनिऑर्डर आणि निवृत्तीनंतरचे घर. विमान उतरवायला जागा म्हटली तर साताऱ्यावरून खाली कराडलाच यावे लागते. तिथली धावपट्टी १९५५ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधली ती कोयना धरणाच्या कामासाठी. साहेबलोक, अभियंते, पाहुणे यांची ने-आण हा तिचा हेतू. जिल्ह्यात धावपट्टी आली, पण ती धरणाची सोय म्हणून आली, जिल्ह्याच्या पोरांनी उडायला शिकावे म्हणून नव्हे. हेतू बदलला असता तर काय झाले असते, याचे उत्तर फार लांब नाही. १९५० पासून पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात सरकारी खर्चाची साधने आणि शिक्षक मिळाल्यावर मध्यमवर्गीय घरांतली मुले-मुली इंजिनाविना उडू लागली. त्यासाठी कोणाला अलौकिक व्हावे लागले नाही.

तळपद्यांची गोष्ट या ठिकाणी आडवी येते. १८९५ मध्ये त्यांनी चौपाटीवर ‘मरुत्सखा’ उडवले, सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे साक्षीला होते, असे सांगितले जाते. याला त्या काळचा टिकेल असा लेखी पुरावा पुढे आलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार नंतर जोडला गेला, त्याची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये छाननी केली. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा असून त्यातली विमाने उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तरीही २०१५ च्या जानेवारीत मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच. कोणी म्हणेल, अशा कथेने अभिमान जागा होतो, मुले प्रयत्नाला लागतात, बिघडले कुठे? बिघडते ते इथे की ही कथा खटपट नावाची गोष्टच वगळते. तीत फसलेला पंख नाही, दुसऱ्या दिवशीची दुरुस्ती नाही, तपासनीस नाही. विद्या पोथीतून पूर्ण तयार होऊन उतरते आणि परक्यांनी ती दडपली म्हणून लोपते. ज्या समाजाला विमान असे मिळाल्याचे वाटते, त्याला क्लब आणि कुरण लागते हे सुचतच नाही. तळपदे संस्कृत जाणणारे, प्रयोगाची हौस असलेले गृहस्थ होते. त्यांच्यावरही यात अन्यायच होतो, कारण त्यांच्या खऱ्या धडपडीचा शोध घेण्याची गरज कोणाला उरत नाही.

अमोल यादव यांचे प्रकरण मात्र पुराव्याचे आहे. मूळचे पाटण तालुक्यातले, तेव्हा जेट एअरवेजमध्ये वैमानिक. १९९८ आणि २००३ मधले दोन प्रयत्न पूर्णत्वाला गेले नाहीत. तिसरे, सहा आसनी टीएसी-००३, त्यांनी कांदिवलीच्या चारकोप भागातल्या घराच्या गच्चीवर बांधले. पाच मजल्यांच्या त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. लेथ, वेल्डिंगचे यंत्र आणि सुमारे १८० किलोंचे इंजिन जिन्याने वर गेले. एकत्र कुटुंबाने पैसा उभा केला, माणसे राबली. २०१६ च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’ सप्ताहासाठी विमान क्रेनने खाली उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलात मांडले गेले आणि ते देशभर गाजले. नोंदणी व्हीटी-एनएमडी या अक्षरांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली, उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली आणि चाचणी उड्डाणे २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर झाली. प्रदर्शनात उभे राहिल्यापासून जमीन सोडेपर्यंत चार वर्षे गेली.

यात सर्वांत बोलके पान फेब्रुवारी २०१८ चे आहे. विमानाला अजून उडण्याची परवानगी नसताना राज्य सरकारने यादव यांच्या कंपनीशी पालघर जिल्ह्यात विमाननिर्मितीसाठी ३५ हजार कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला. कौतुकाने एका उडीत गच्चीवरून कारखाना गाठला. मधली जी पायरी, म्हणजे पाच-पंचवीस हौशी बांधणारे, त्यांचे काम तपासणारे दोन-चार तज्ज्ञ, त्यांना वापरता येईल अशी एक पट्टी, तिचा विचार कोणी केला नाही. त्या पायरीला भूमिपूजन नसते, म्हणूनही असेल. पण तिच्याविना गच्चीवरचे विमान एकुलते एकच राहते. दुसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून इंजिन जिन्याने चढवावे लागते.

सावधगिरी नको का, हा पहिला आक्षेप, आणि तो वजनदार आहे. दाट वस्तीच्या शहरावर कोणाही हौशी माणसाने बांधलेले यंत्र फिरू देणे हा बेजबाबदारपणा ठरेल. १९३४ मध्ये फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांनी ‘आकाशातली पिसू’ हे स्वस्त विमान घरी कसे बांधावे ते पुस्तक लिहून सांगितले. शेकडो लोकांनी ते बांधायला घेतले, माणसे मेली, आणि मोठ्या वायुबोगद्यात तपासल्यावर कळले की एका मर्यादेपुढे त्याचे नाक खाली गेले की ते वर येत नाही. ब्रिटनने त्याच्या उड्डाणावर बंदी घातली. पण गोष्ट तिथे संपली नाही. १९४६ मध्ये त्याच देशात हौशी विमानवाल्यांची संघटना उभी राहिली आणि पुढे बांधकामाच्या प्रत्येक टप्प्यावर, पंख झाकण्याआधी, इंजिन बसवण्याआधी, तिचा तपासनीस सही करू लागला. लॉकडाऊनच्या काळात ब्रिटनमध्ये एका मल्याळी अभियंत्याने चार आसनी विमान बांधून बायको-मुलींना युरोप दाखवला तो याच व्यवस्थेतून. सावधगिरी म्हणजे पायऱ्या आखणे. अर्ज टेबलावर ठेवून देणे याला सावधगिरी म्हणत नाहीत, कारण त्याने यंत्र अधिक सुरक्षित होत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. ज्या तालुक्यात एसटी वेळेवर यावी म्हणून अर्ज द्यावे लागतात, तिथे विमानाच्या हौशीची चर्चा कशाला? लहान विमानाचा संच, इंजिन, आयातकर धरून पुण्यात बऱ्यापैकी फ्लॅट घ्यावा इतका खर्च येतो. ही सर्वांची गोष्ट नाही हे खरेच. परंतु असे फ्लॅट आपल्याकडची निवृत्त जोडपी घेतात, आणि क्लबमध्ये चौघांनी मिळून एक विमान बांधले तर वाटा पाव होतो. शिवाय इथे सरकारकडे पैसा मागितलेला नाही. असलेली पट्टी ठरावीक दिवशी वापरू देणे आणि तपासनीस नेमणे याला ३५ हजार कोटी लागत नाहीत. नांगरालाही पंतप्रतिनिधींनी कारखाना बांधून दिला नव्हता, जमीन आणि थोडे भांडवल दिले होते.

तिसरा आक्षेप सह्याद्रीचा. जून ते सप्टेंबर जावळीच्या डोंगरांवर ढग टेकलेले असतात आणि डोळ्यांनी जमीन पाहत उडणाऱ्याला तिथे शिरता येत नाही. उन्हाळ्यात दुपारी डोंगरउतारावर हवा उसळते. मान्य, इथले उड्डाणाचे वर्ष आठ महिन्यांचे आणि दिवस सकाळचा. पण पावसात काम थांबवून अवजारे दुरुस्त करण्याची सवय या मुलखातल्या शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही, आणि वार्षिक तपासणीला चार महिने मोकळे मिळणे ही अडचण नव्हे.

तेव्हा पुढच्या अमोल यादवची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. अशी माणसे या मातीत निपजतातच, त्यांची गणती करून आपण काहीच सिद्ध करत नाही. कराडच्या पट्टीलगत एक शेड, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अधिकार दिलेले दोन तपासनीस आणि मराठीत छापलेली नियमपुस्तिका एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मग मेढ्याचे एखादे निवृत्त शिक्षक जोडपे आपल्या विमानातून वर्षभर फिरेल, तपासनिसाच्या वहीत त्यांच्या दोन-तीन चुका आणि त्यांची दुरुस्ती नोंदलेली असेल, आणि वर्तमानपत्रांना त्यात छापण्यासारखे काही सापडणार नाही. घरगुती विमानाचा महाराष्ट्रातला इतिहास खऱ्या अर्थाने त्या वहीपासून सुरू होईल.