वार पडेपर्यंत



रिसोड असो की मानोरा, जुन्या बायांना विचारा, बाळंतपण केव्हा सुटलं म्हणायचं? बाळ रडलं तेव्हा नाही, वार पडली तेव्हा. वार आत राहिली, तिचा तुकडा जरी राहिला, तरी गर्भपिशवी नीट आकसत नाही आणि रक्त थांबत नाही. हे आपल्या सुईणींना ठाऊक होतं.

म्हणून वार अडली की बाळंतिणीच्या वेणीचा शेंडा तिच्याच तोंडात द्यायचे. उमासे यावेत, पोटावर ताण पडावा, वार सुटावी. हा उपाय सुईणीच्या मनचा नव्हे. चरकसंहितेत तो लिहिलेला आहे: बेंबीच्या वर दाबा, वेणीने घसा-टाळू चोळा. सुश्रुतसंहितेत तर नखं कापून, हाताला तेल लावून वार काढायलाही सांगितलंय. आपल्या आनंदीबाई जोशी 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंध लिहिला तो आपल्याकडच्या जुन्या प्रसूतिशास्त्रावरच. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या होत्या आणि ते बाळ दहा दिवसांतच गेलं होतं.

पण हात आत घालणं किती जोखमीचं, ते लंडनच्या एका बाईच्या मरणातून कळतं. मेरी वुलस्टोनक्राफ्ट ही बायांच्या हक्कासाठी पुस्तक लिहिणारी. 30 ऑगस्ट 1797 ला तिला मुलगी झाली, पण वार पडेना. डॉक्टरला बोलावलं. त्याने हात घालून तुकड्या-तुकड्याने वार काढली. नंतर ताप भरला आणि 10 सप्टेंबरला ती गेली. हातावरून रोग आत जातो, हे तेव्हा बहुतेक मोठ्या डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. पुढे 1847 साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींची मरणं झपाट्याने कमी झाली. तरी कित्येक डॉक्टरांनी त्याचं ऐकलं नाही.

पुढचा बदल इंजेक्शनने झाला. बाळ अंगावर प्यायला लागलं की आईच्या अंगात ऑक्सिटोसिन तयार होतं, त्याने पिशवी आकसते. 1953 साली ते प्रयोगशाळेत बनवता आलं. आज दवाखान्यात बाळ झाल्याबरोबर, मिनिटाभरात हे इंजेक्शन देतात. मग पडलेली वार ट्रेमध्ये पसरून सिस्टर बघतात की ती पूर्ण आहे का, तुकडा राहिला तर नाही ना.

मैत्रिणींनो, वेणी तोंडात देणाऱ्या सुईणीला हसू नका. तिच्याकडे इंजेक्शन नव्हतं, रक्त नव्हतं, गाडी नव्हती. आपल्याकडे आहे. 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे.

म्हणून घरी किंवा वाटेत बाळंत झालीच, तर नाळ ओढू नका, पोट जोरात दाबू नका, हात घालू नका. बाळाला अंगावर पाजा आणि लगेच 102 किंवा 108 ला फोन करा. अर्ध्या तासात वार पडली नाही तर जिवाला धोका असतो, म्हणून तेवढं थांबून बघू नका. वार पडलीच, तर ती पुरायची घाई नको. पिशवीत घालून सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा.

आणि घरी आल्यावर ताप आला, घाण वास आला, ओटीपोट दुखलं किंवा रक्त वाढलं, तर बाळंतरोग म्हणून काढ्यावर दिवस काढू नका. तुकडा आत राहिलेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीत हे प्रत्येक गरोदर बाईच्या सासूला सांगा. गाडी बोलवायची की नाही, हे बहुतेक घरांत तीच ठरवते.